करंगळीकडची शीर

मला महारोग झाला होता. आमच्याकडे हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. म्हातारी माणसं ‘रगतपिती’ म्हणतात, बाकीचे नुसतं ‘ते’ म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. मीही बरीच वर्षं तसंच केलं. आता लिहून टाकलं.

मी शहापूरची मुलगी. मराठी चौथीपर्यंत शिकले आणि मुरबाड तालुक्यात, सिद्धगड समोर दिसतो अशा एका वाडीत लग्न होऊन आले. डॉक्टरकी मला कळत नाही. पण आज कुठे तरी कोणी डोळे मिटून बसलं असेल, डॉक्टर हातावर पीस फिरवत असतील आणि काहीच कळत नसेल, तर त्या माणसाला पुढचं थोडं तरी माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

करपल्याचा वास

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. गोदी, माझी मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागली होती. सकाळी मी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या करत होते. काहीतरी करपल्याचा वास आला. भाकरी लागली असं वाटून मी ती उलथून पाहिली, तर ती पांढरी स्वच्छ. तरी वास येतच होता.

सासूबाई दारातून आत येत होत्या. आम्ही सगळे त्यांना आय म्हणायचो. त्या पुढे झाल्या आणि माझं मनगट धरून मागे ओढत म्हणाल्या, “हात काढ गो. हात जलतो तुजा.”

उजव्या हाताची करंगळीकडची कड तव्याच्या काठाला टेकली होती. कातडी पांढरी पडून वर आली होती. अंगठ्याला चुलीची धग लागत होती, ती मला नीट कळत होती. पण जिथे जळलं होतं तिथे काहीच नव्हतं. मी फुंकर घातली, पाणी ओतलं, बोटानं दाबूनही पाहिलं. दुखत नव्हतं. मोठा चटका बसला असता तर मी ओरडले असते, रडले असते आणि विसरले असते. न दुखण्याची भीती कशी सांगायची आणि कोणाला, ते मला कळेना.

तसं त्या हाताचं काहीतरी बिघडलंय हे वर्षभर जाणवत होतं. कोपराखाली एक फिकट डाग होता. शिबं असेल म्हणून आयनं त्यावर टाकळ्याचा पाला वाटून लावला होता. वैशाखात सगळ्या अंगाला घामाच्या धारा लागत, तेव्हा तो डाग कोरडा राहायचा. करंगळीत मुंग्या येत. लावणीच्या वेळी रोपं हातातून निसटत आणि बाया हसत, की शहापूरवालीला चिखलाची सवय नाय. मीही हसायची.

पीस

मालकांनी, गोदीच्या बापानं, बैलगाडी जुंपली आणि मला मुरबाडला नेलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे आधी सांगते. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, ऊन लागतंय का.

दवाखान्यात डॉक्टरांनी जळलेला भाग पाहिला, मग डाग पाहिला, आणि मला डोळे मिटायला सांगितले. ते कोंबडीचं पीस अंगाला लावणार, जिथे लागेल तिथे मी दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. दंडावर कळलं. अंगठ्यावर कळलं. मग थोडा वेळ काहीच कळेना. पण त्यांच्या सदऱ्याला खळ होती. हात हलला की बाहीची सळसळ यायची. सळसळ ऐकू आली की मी अंदाजानं बोट ठेवायची. मला वाटत होतं, जमतंय.

डॉक्टरांच्या ते लक्षात आलं असावं. मध्येच ते म्हणाले, “आता डोळे उघडा.” माझं बोट डागावर होतं. पीस त्यांच्या मांडीवर पडलं होतं. त्यांनी नुसतीच बाही हलवली होती.

त्यानंतर त्यांनी काचेच्या दोन नळ्या आणल्या, एकीत ऊन पाणी, एकीत गार. डागावर दोन्ही सारख्याच लागल्या. शेवटी त्यांनी माझ्या कोपराच्या मागच्या खोबणीत बोट घातलं आणि तिथली शीर चाचपली. ती सुतळीसारखी जाड लागत होती. मलाही त्यांनी हात लावून बघायला सांगितलं.

मला आठवतं तसं सांगते. ते म्हणाले, “हात स्वतः काही ओळखत नाही. चटका बोटाला लागतो, पण कळतो तो डोक्यात. मधली वाट म्हणजे या शिरा. ही शीर करंगळीकडून येते आणि हिच्यात रोग शिरला आहे. अंगठ्याची शीर वेगळी आहे, ती अजून चांगली आहे.”

मालकांनी विचारलं, कसला रोग. डॉक्टरांनी नाव सांगितलं.

माझ्या कानात नुसता घू असा आवाज भरला. समोर डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत होते. माझा प्रकार शिरांचा आहे, तो दुसऱ्याला सहसा लागत नाही, हे ते सांगत होते असं मला मागाहून आयकडून कळलं, आणि आयला मालकांकडून. मला ऐकू आलं ते एवढंच, की त्यांची पक्की खात्री होईपर्यंत लहान मुलीला जवळ घ्यायचं नाही. दूधही पाजायचं नाही.

परतताना ओढ्यावर मालकांनी बैल सोडले, बैलांना पाणी पाजलं, स्वतः ओंजळीनं प्याले आणि गाडीत येऊन बसले. मला तहान लागली असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मीही मागितलं नाही.

पडवी

आयनं सगळं ऐकून घेतलं आणि गोदीला उचलून आत नेलं. संध्याकाळच्या आत माझं अंथरूण, एक ताटली आणि एक तांब्या मागच्या पडवीत आला. आयनं पडवी स्वतः सारवली होती.

माझ्या आणि गोदीच्या मध्ये कुडाची भिंत होती. ती रडली की सगळं ऐकू यायचं. माझ्या शरीराचा मला तेव्हा फार राग येई. हात जळला तरी कळत नव्हतं, आणि भिंतीपलीकडून मुलीचा नुसता आवाज आला की दूध उतरायचं, चोळी भिजायची. ते पिळून राखेत टाकायचं. आय कधी गोदीला गाईचं दूध पाजायची, कधी पेजेचं पाणी. काही दिवसांनी गोदीचं रडणं कमी झालं, आणि मग दूधही आटलं. दोन्हींतलं काय जास्त लागलं ते मला आजही सांगता येत नाही.

बातमी लपली नाही. विहिरीवर बायांनी मला लांब उभं राहायला सांगितलं. शेजारची एक बाई थोडे दिवस वरून माझ्या हंड्यात पाणी ओतायची. पुढे तिच्या नवऱ्यानं ते बंद करायला लावलं. मग माझं पाणी आय भरू लागली.

पडवीत रिकामं बसून मी माझा हात बघत बसायची. कडुलिंबाची काडी घेऊन मी स्वतःला तपासलं. करंगळी पूर्ण गेलेली. मधलं बोट चांगलं. पण त्या दोघांमधल्या अनामिकेची गंमत होती. मधल्या बोटाकडची तिची अर्धी बाजू जिवंत होती आणि करंगळीकडची अर्धी मेलेली. बरोबर मधून, जसा काही कोणी बांध घातलाय. मी काडी एका बाजूनं दुसरीकडे न्यायची. आता आहे, आता आहे, आता नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, सगळ्या माणसांची रचना अशीच असते, दोन शिरांची हद्द त्याच बोटात येते. मला उगाच बरं वाटलं. निदान हे तरी माझं एकटीचं नव्हतं.

मंगळवार

दर मंगळवारी मुरबाडला कडू कवठाच्या तेलाची सुई असायची, तेव्हा या रोगावर तेच औषध होतं. पहिल्या दोन खेपांना मालक आले. नंतर त्यांना शेतावर काम निघू लागलं. मग आय येऊ लागली. सकाळी निघून ऊन चढेपर्यंत चालायचं. आय पुढे आणि मी दहा-बारा पावलं मागे.

तेल घट्ट आणि सुई जाड. डागाच्या कडेकडेनं ती टोचत. मध्यभागी काही कळायचं नाही, पण काठावर आली की डोळ्यांतून पाणी यायचं. मी हात मागे घेतला की डॉक्टर म्हणायचे, इथे अजून जीव आहे. त्यामुळे मी सुई दुखायची वाटच बघायला लागले. एखाद्या मंगळवारी कमी दुखलं तर घरी येईपर्यंत मनात तेच असायचं.

तिथे डोंगराकडच्या पाड्यावरचा एक माणूस यायचा. एकदा तो मुरबाडपर्यंत चालत आला आणि बाकावर बसला, तेव्हा लोकांनी त्याला दाखवलं की त्याच्यामागे रक्ताचे ठसे उमटलेत. तळव्यात बाभळीचा काटा आरपार गेला होता. त्यानं पाय वर करून काट्याकडे असं पाहिलं, की जणू तो पाय शेजाऱ्याचा. त्या दिवसापासून दिवेलागणीआधी मी दोन्ही हात-पाय उजेडात धरून बघते. फोड, चीर, चटका. ती सवय अजून आहे, आणि जो कोणी हे वाचेल त्यानं दुसरं काही नाही तरी एवढं करावं.

एकदा आयनं डॉक्टरांना विचारलं, की कोपरातली शीर आणि करंगळी यांचा संबंध काय. डॉक्टरांनी तिला स्वतःचं कोपर टेबलाच्या कडेवर हलकं आपटायला सांगितलं. तिनं आपटलं आणि झटकन हात ओढला. बराच वेळ ती करंगळी चोळत राहिली.

“मुंग्या गेल्या का शेवटापर्यंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“गेल्या.”

“हिच्या जात नाहीत.”

परतीच्या वाटेवर आय नेहमीपेक्षा हळू चालली. आमच्यातलं अंतर त्या दिवशी कमी होतं.

कोपर

भाद्रपदात सगळ्यात वाईट दिवस आले. ज्या हाताला काही कळत नव्हतं तोच हात दुखायला लागला. कोपरातून कोणी तापलेली सळई ओढावी तसं. शीर सुजून लाल झाली होती. चादर लागली तरी सहन होत नव्हतं. ओढा भरून वाहत होता, त्यामुळे मुरबाडला जायची सोय नव्हती. चार दिवस मी बसून काढले, कारण आडवं पडलं की कळ वाढायची. आणि माझ्या डोळ्यांदेखत करंगळी आणि अनामिका तळव्याकडे वळायला लागल्या. मी डाव्या हातानं त्या सरळ करायची, सोडल्या की परत वळत.

मला मरण हवंसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. आजारात असं वाटतं. त्यात आपलं डोकं फिरलंय असं समजू नये.

एका दुपारी आय पेज घेऊन आली. रोज ती वाटी उंबऱ्याशी ठेवून जायची. त्या दिवशी ती आत आली, माझ्याजवळ खाली बसली आणि माझा हात उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतला. वर्ष होत आलं होतं, मला कोणी हात लावला नव्हता. डॉक्टरांचे हात तेवढे, तेही सुईपुरते.

मी म्हणाले, आय, लांब बस.

“गप जेव,” ती म्हणाली आणि वाटीतली पेज तिनं स्वतः माझ्या तोंडाला लावली.

ओढा उतरल्यावर डॉक्टरांनी हात बांबूच्या पट्टीला बांधून गळ्यात अडकवला आणि महिनाभर काही उचलायचं नाही म्हणून सांगितलं. दुखणं गेलं. वळलेली बोटं मात्र सरळ झाली नाहीत. अंगठ्याजवळचं मांस झडून तिथे खळगा पडला; तिथल्या मांसाला बळ याच शिरेतून येतं, असं डॉक्टर म्हणाले.

अंगण

लढाई सुरू झाली आणि कल्याणच्या बाजूला लष्कराच्या छावणीचं काम निघालं. मालक तिकडे गेले. पहिल्या वर्षी सणाला यायचे, अंगणात बसून आयशी बोलायचे, गोदीसाठी खाऊ आणायचे. पडवीकडे यायचे नाहीत. पुढे सणालाही येईनासे झाले. वाडीतला एक जण कल्याणला जाऊन आला, त्यानं आयला सांगितलं की तिकडे त्यांनी घर मांडलंय.

मला धक्का बसला असं म्हणवत नाही. मी ते धरूनच होते. तरी त्या दिवशीची पेज मी उंबऱ्याशी तशीच राहू दिली.

नंतर एकदा ते स्वतःच आले. आय अंगणात तांदूळ पाखडत होती. गोदी तिच्याजवळ खेळत होती. मी पडवीच्या दाराशी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्यांचं म्हणणं असं, की नव्या बाईला गावच्या घरात आणायचंय, आणि मी इथे असेपर्यंत ती पाऊल टाकायला तयार नाही. मला शहापूरला, माहेरी पोचवावं. गाडी ते स्वतः जुंपतील.

शहापूरला आता भाऊ होता, भावजय होती, त्यांची लहान मुलं होती. मला तिथे कोणी दारात उभं केलं नसतं. मालकांना हे ठाऊक होतं.

आयचं सूप थांबलं नाही. ती वरही न बघता म्हणाली, “गोदीची आय हितंच रायल. तुजा तिकडं घर हाय ना? मंग तिकडंच जा.”

ते म्हणाले, “मी तुजा पोर हाय.”

“हायस ना. नाय कोन बोलतंय?”

जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण तोंडाकडे नाही, वळलेल्या बोटांकडे. मग ते गेले. त्यानंतर ते वाडीत आले नाहीत.

ती माझ्या बाजूनं बोलली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिच्या सुपाकडे बघत होते. ती पाखडतच होती, आणि कोंड्याबरोबर सगळे तांदूळही खाली मातीत पडत होते. तिला ते दिसत नव्हतं. माझ्यासाठी नाही, न्यायासाठी ती बोलली असेल, किंवा नातीसाठी. मी कधी विचारलं नाही. एकुलता मुलगा तिनं त्या दिवशी घालवला, आणि माझ्या देखत ती कधी त्यासाठी रडली नाही.

पडवीतली आय

लढाई संपत आली तेव्हा डॉक्टरांनी एका मंगळवारी पुन्हा पीस घेतलं. डागाचा काठ पुढे सरकला नव्हता. कोपरातली शीर मऊ झाली होती. नाकातला आणि कानाच्या पाळीचा अंश काचेवर घेऊन ते बरेचदा तपासायचे, त्यात याही वेळी काही सापडलं नाही. ते म्हणाले, रोग थांबला. जे गेलं ते परत येणार नाही, पण आणखी जाणार नाही. आणि मुलीला आता जवळ घ्यायला हरकत नाही.

मी घरी येईपर्यंत जवळजवळ पळत होते. आय मागे राहिली.

पण गोदी आता मोठी झाली होती. ती आजीला आय म्हणायची आणि मला ‘पडवीतली आय’. मी हात पुढे केला तेव्हा ती आजीच्या लुगड्यामागे गेली. वळलेली बोटं तिला भीतीदायक वाटत असावीत. आयनं तिला ढकललं नाही आणि मला म्हणाली, घाई नको करू. मी पडवीतून घरात आले, तरी तिच्या लेखी मी पडवीतच होते. मी तिला वेणी घालायला बसवलं की ती मान आखडून बसायची. मलाही माझ्या हाताची खात्री नव्हती. केस किती ओढले जातात हे अर्ध्या हाताला कळायचं नाही.

चुलीशी मी परत बसले. फडकं गुंडाळल्याशिवाय भांडं धरायचं नाही, पाणी ऊन की गार ते डाव्या हातानं बघायचं, तव्याकडची नजर काढायची नाही. माझ्या हातची भाकरी घरात आय आणि गोदी खात. वाडीत अजून कोणी खात नाही.

आता या रोगावर गोळ्या निघाल्या आहेत असं डॉक्टर सांगत होते. ज्यांना त्या मिळतील त्यांची बोटं कदाचित वळणारही नाहीत. डाग कोरडा दिसला की थांबू नये. टाकळा लावत वर्ष घालवू नये. आणि घरच्यांनी डॉक्टरांचं अख्खं ऐकून घ्यावं, अर्धं नव्हे.

म्हसा

मी पडवीतून घरात आले त्या वर्षी पौषात आम्ही तिघी मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेला गेलो. आयला घोंगडी घ्यायची होती. इतक्या माणसांत मी कित्येक वर्षांनी जात होते. पदराखाली हात लपवून चालले होते. गुरांच्या बाजाराजवळ कुठे तरी एक बैल उधळला आणि माणसं एकदम मागे सरली. धूळ उडाली. आय गर्दीच्या पलीकडे गेली. मी वळून पाहिलं तर गोदी दिसेना.

मला काही सुचेना. मी तिच्या नावानं हाका मारायला लागले. समोर गुरांचे पाय, माणसांचे पाय, मध्ये कुठे लहान मूल दिसतंय का ते बघत मी पुढे जायला लागले, आणि मला चालताना ओढ बसली. उजवा खांदा मागे खेचला जात होता. वाटलं, पदर अडकला कशाला तरी. म्हणून खाली पाहिलं.

गोदी माझ्या पदराखाली होती. दोन्ही मुठींत तिनं माझी वळलेली करंगळी घट्ट धरली होती, इतकी घट्ट की बोट पांढरं पडलं होतं. कधीपासून, कोण जाणे.

“हाका कशाला मारतेस?” ती म्हणाली. “मी हितंच हाय ना.”